इंडिया पेल एल: जुन्या नोंदवह्यांतून घरच्या पातेल्यात

‘इंडिया पेल एल’ हे नाव आज बेंगळुरूपासून बोस्टनपर्यंत बिअरच्या बाटल्यांवर छापलेले असते आणि त्याच्या जोडीला बहुधा एक गोष्टही छापलेली असते. हिंदुस्थानातील इंग्रजांना मायदेशाची बिअर हवी होती, पण कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासात ती आंबट होई; तेव्हा जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या एका बिअरनिर्मात्याने तिच्यात हॉप्स आणि मद्यार्क वाढवला आणि एक नवाच प्रकार जन्माला आला, अशी ती गोष्ट. गोष्ट सुबक आहे. मात्र तिचा बराचसा भाग कागदपत्रांपुढे टिकत नाही.

गेल्या सुमारे पन्नास वर्षांत दोन प्रकारच्या लोकांनी ही तपासणी केली. एकीकडे जुनी वृत्तपत्रे व व्यापारी कागदपत्रे चाळणारे इतिहासकार होते, तर दुसरीकडे एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांच्या नोंदवह्यांवरून तीच बिअर स्वयंपाकघरात पुन्हा बनवू पाहणारे हौशी लोक. दुसऱ्या गटाचे काम विशेष लक्षवेधी ठरते. प्रमाणे अचूक, जिन्नस अचूक, तरीही ताजी बिअर पिववत नाही इतकी कडू, असा अनुभव त्यांना वारंवार आला आणि पाककृतीत एक मोठा घटक लिहिलेलाच नाही हे त्यातून स्पष्ट झाले. तो घटक म्हणजे वेळ.

हॉजसन, कप्तान आणि उधारी

हॉजसनने १७५२ मध्ये पूर्व लंडनमधील बो येथे बिअरचा कारखाना चालवायला घेतला. कारखाना फार मोठा नव्हता आणि त्याच्या बिअरची त्या काळी विशेष ख्यातीही नव्हती. त्याचे भाग्य जागेत होते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगर टाकत ते ब्लॅकवॉल तेथून जवळच होते. कंपनीच्या जहाजांवरील कप्तान व अधिकाऱ्यांना खासगी व्यापारासाठी काही जागा मिळत असे. हिंदुस्थानातून येताना रेशीम, कापड, मसाले यांनी भरून येणाऱ्या जहाजांना जाताना मात्र पुरेसा माल नसे, त्यामुळे जातानाचे भाडे स्वस्त पडे. कप्तान मंडळी हॅम, चीज, टोप्या, काचसामान यांच्याबरोबर बिअरची पिंपेही घेऊन जात आणि कलकत्ता, मद्रास व मुंबईत नफ्याने विकत. हॉजसन त्यांना बारा ते अठरा महिन्यांची उधारी देई. चवीच्या आधी या उधारीने त्याची बाजारपेठ उभी केली, असे म्हणण्यास जागा आहे.

बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी या प्रकरणातील दंतकथा एकेक करून बाजूला काढल्या. १७८४ मधील ‘कॅलकटा गॅझेट’च्या जाहिरातीत पेल एल विक्रीस असल्याचा उल्लेख आहे आणि तिचे वर्णन ‘हलकी’ असे केलेले आहे. हॉजसनचे नाव त्या वृत्तपत्रात त्यानंतर १७९३ मध्ये येते. म्हणजे फिकट बिअर त्याच्या नावाचा डंका वाजण्यापूर्वीच येथे पोहोचत होती. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये जादा हॉप्स घालावेत, हा सल्लाही इंग्लंडमधील बिअरनिर्मात्यांना १७६० च्या दशकापासून ठाऊक होता. काळसर पोर्टर बिअर तर याच मार्गाने मोठ्या प्रमाणावर येत होती आणि ती खराब होत नव्हती. तेव्हा ‘प्रवासात टिकणारी एकमेव बिअर’ हा दावा निकालात निघतो.

मद्यार्काच्या दाव्याचेही तेच. या बिअरमधील मद्यार्क साधारण सहा ते साडेसहा टक्के असे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये साठवणुकीच्या कडक बिअर आठ-दहा टक्क्यांपर्यंत जात; त्यांच्या तुलनेत हिंदुस्थानला जाणारी बिअर मध्यमच म्हणायची. हॉजसनने नवे काही शोधले याचा समकालीन पुरावा नाही. तो शोधकर्ता असल्याचे विधान विल्यम मॉलिन्यू यांच्या बर्टन शहरावरील १८६९ च्या पुस्तकात ठळकपणे येते आणि तेथून ते पुढे गिरवले गेले. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात आढळतो तो १८२९ च्या सुमारास, तोही सिडनीच्या जाहिरातीत. त्याआधी अनेक दशके ही बिअर येथे विकली गेली, परंतु या नावाने नव्हे.

हॉजसन घराण्याची सद्दी संपली ती लोभापायी. १८२१ च्या सुमारास फ्रेडरिक हॉजसन व त्याचा भागीदार थॉमस ड्रेन यांनी कप्तानांना बाजूला सारून स्वतःच जहाजाने माल पाठवायला सुरुवात केली, भाव वाढवले आणि उधारी आखडली. दुखावलेल्या कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील सॅम्युअल ऑलसॉप यांना ही बिअर बनवून पाहण्यास सुचवले. रशियाने जकात वाढवल्याने बर्टनच्या गोडसर, गडद बिअरची बाल्टिक बाजारपेठ त्याच सुमारास कोसळली होती. ऑलसॉपलाही नवे गिऱ्हाईक हवेच होते. त्याचा मॉल्ट करणारा कामगार जॉब गुडहेड याने पहिला नमुना चहाच्या किटलीत बनवला, असे बर्टनमध्ये सांगतात. हे खरे असेल तर आजच्या हौशी मंडळींचा मूळपुरुष हाच म्हटला पाहिजे. ऑलसॉपपाठोपाठ बास कंपनी आली आणि १८३२-३३ पर्यंत बंगालला जाणाऱ्या मालात तिने हॉजसनला मागे टाकले.

ही बिअर पीत होते कोण, हा प्रश्न बाटलीवरच्या गोष्टीत येत नाही. ती मुख्यतः मुलकी व लष्करी अधिकारी आणि गोरे व्यापारी यांच्या टेबलावर जाई. सामान्य गोऱ्या शिपायाच्या वाट्याला पोर्टर किंवा येथील अरक येई. या बाटल्या थंड करण्यासाठी ‘आबदार’ नावाचा स्वतंत्र नोकर असे. सोरा पाण्यात विरघळताना पाणी गार होते, या गुणाचा उपयोग करून तो उन्हाळ्यात पेये थंड करी. अमेरिकेतून बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्याला पोहोचले ते १८३३ मध्ये. नावात ‘इंडिया’ असले तरी या देशाचा त्या बिअरमध्ये एकही जिन्नस नव्हता. होता तो येथपर्यंतचा प्रवास आणि येथल्या माणसांचे श्रम.

नोंदवही काय सांगते, काय सांगत नाही

दोनशे वर्षांपूर्वीची बिअर पुन्हा बनवता येते, याचे श्रेय दोन उपकरणांना जाते. एक तापमापक, मायकेल कॉम्ब्रून यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात त्याचा बिअरनिर्मितीतील उपयोग पुस्तकरूपाने मांडला. दुसरे सॅकरोमीटर, त्याचा प्रसार जॉन रिचर्डसन यांच्या १७८४ च्या ग्रंथाने केला. दूध डेअरीत लॅक्टोमीटर जे काम करतो तेच हे उपकरण मॉल्टच्या गोड काढ्यात करते: द्रव पाण्यापेक्षा किती दाट आहे हे ते दाखवते. पाण्याची घनता १००० मानली तर काढ्याची १०६२ भरते, अशी नोंद एकदा झाली की दोन शतकांनंतरही तितकाच दाट काढा काढता येतो. त्यापूर्वीच्या बिअरबाबत असे काहीच खात्रीने सांगता येत नाही.

लंडनमधील व्हिटब्रेड, ट्रूमन, बार्कले पर्किन्स यांसारख्या कारखान्यांच्या नोंदवह्या लंडन अर्काइव्ह्जमध्ये (पूर्वीचे लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज) जतन केलेल्या आहेत. पश्चिम लंडनमधील ‘डरडन पार्क बिअर सर्कल’ या हौशी मंडळाने १९७० च्या दशकात जुन्या नोंदींवरून बिअर बनवण्यास सुरुवात केली आणि आपल्या कृतींची छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे रॉन पॅटिन्सन यांनी शेकडो नोंदींचे वाचन करून २०१४ मध्ये घरगुती बिअरनिर्मात्यांसाठी खास जुन्या बिअरचे पुस्तक काढले. जॉर्ज ॲम्सिंक यांचे १८६८ चे पुस्तकही उपयोगी पडते, कारण त्यात पन्नास प्रत्यक्ष घाण्यांचे तपशील दिलेले आहेत.

या नोंदी वाचणे हे वेगळेच कसब आहे. मॉल्ट ‘क्वार्टर’मध्ये मोजलेले असते आणि मॉल्टचा क्वार्टर म्हणजे ३३६ पौंड, तर न भिजवलेल्या जवाचा ४४८ पौंड. बॅरल म्हणजे ३६ इंग्लिश गॅलन, सुमारे १६४ लिटर. निर्यातीचे मोठे पिंप, हॉग्जहेड, ५४ गॅलनचे. तापमान फॅरेनहाइटमध्ये, शब्द तोडके आणि अक्षर घाईतले. शिवाय नोंद लिहिणारा माणूस स्वतःसाठी लिहीत होता. त्याला जे रोजचे होते ते त्याने लिहिलेच नाही. यीस्ट किती घातले हे कळते, ते कोणत्या जातीचे हे कळत नाही. त्या काळी त्याला ते कळणे शक्यही नव्हते. पिंप कारखान्याबाहेर पडल्यावर त्यात काय घडले, याची नोंद तर नोंदवहीच्या कक्षेबाहेरचीच.

कायद्याची चौकट

पुढील कृती ब्रिटन, अमेरिका अशा देशांतील प्रघाताचे वर्णन आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीचा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला; स्वतःच्या वापरापुरती, विक्रीसाठी नसलेली बिअर तेथे करमुक्त बनवता येते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली, राज्याचे नियम त्यावर लागू असतात. भारतात मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे आणि परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा त्यासाठी लागू आहे. गोव्यातही उत्पादनासाठी अबकारी परवाना लागतो. गुजरात व बिहारमध्ये तर बंदीच आहे. ‘घरच्यापुरती’ ही सबब कायद्यात बसत नाही. त्यामुळे परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला जे तेथे छंद म्हणून करता येते, ते पुणे किंवा पणजीतील वाचकाला परवानाधारक मायक्रोब्रुअरीतच पाहता-चाखता येईल.

जव, हॉप्स आणि पाणी

मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात त्याच तत्त्वावर: मोड येताना धान्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तयार होतात आणि वाळवल्याने ती तेथेच थांबून राहतात. जुन्या पेल एलमध्ये मॉल्टचा एकच प्रकार असे, तोही शक्य तितका फिकट. आधुनिक कृतींत रंग व गोडव्यासाठी घातले जाणारे ‘क्रिस्टल मॉल्ट’ येथे चालत नाही. ते इंग्लिश पेल एलमध्ये रुळले तेव्हा हिंदुस्थानच्या व्यापाराचा भर ओसरू लागला होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे मुख्य जव म्हणजे १८२० च्या दशकात सफोकमध्ये पुढे आलेला शेव्हालिए हा वाण. तो विसाव्या शतकात शेतांतून जवळपास नाहीसा झाला होता. नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधील संशोधकांनी बीजसंग्रहातील मूठभर दाण्यांपासून त्याची पुन्हा लागवड केली आणि आता त्याचे मॉल्ट ब्रिटनमध्ये विकत मिळते. ते न मिळाल्यास मॅरिस ऑटर हा १९६० च्या दशकातील वाण वापरतात.

हॉप्स ही वेलीची शंकूसारखी मादी फुले. कडवटपणा व सुगंध दोन्ही त्यांतून येतात आणि त्यांतील कडू आम्ले बिअर आंबट करणाऱ्या दुग्धाम्ल जिवाणूंना आवर घालतात. (भारतात हॉप्सची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते.) या बिअरसाठी केंट परगण्यातील गोल्डिंग हाच योग्य वाण. आज आयपीए म्हटले की जी संत्रे-आंब्यासारखी फळांची लाट नाकाशी येते, ती अमेरिकन हॉप्सची. त्यांतील कॅस्केड हा आद्य वाण १९७२ मध्ये बाजारात आला. गोल्डिंगचा वास मातकट, गवती, किंचित मधासारखा असतो. अमेरिकन हॉप्स घालून बनवलेल्या बिअरला ‘ऐतिहासिक’ म्हणणे म्हणजे शिवकालीन पाककृती म्हणून टोमॅटोचे सार वाढण्यासारखे आहे.

प्रमाणाचा हिशेब नोंदींवरून असा निघतो. निर्यातीच्या बिअरला बॅरलमागे पाच पौंडांच्या आसपास हॉप्स लागत. १६४ लिटरला २,२७० ग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे १४ ग्रॅम. २० लिटरच्या घरगुती घाण्याला २७५ ते २८० ग्रॅम. कडवटपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककात नेहमीची लागर बिअर दहा-वीसच्या घरात असते. ही बिअर हिशेबाने शंभरावर जाते. याखेरीज पिंपात भरताना कोरडे हॉप्स घालत, बॅरलमागे एक पौंड धरले तर २० लिटरला ५५ ग्रॅम.

पाण्याचे महत्त्व बर्टनने सिद्ध केले. तेथील विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते, त्यामुळे त्यात कॅल्शियम व सल्फेट अतिशय जास्त. कॅल्शियममुळे काढा निवळ होतो. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा जिभेवर न रेंगाळता कोरडा व स्वच्छ लागतो. लंडनचे चुनखडीयुक्त पाणी पोर्टरला मानवत असे, फिकट बिअरला फारसे नाही. हेच कारण आहे की एकदा बर्टनची बिअर हिंदुस्थानात आल्यावर हॉजसनला ती जागा परत मिळवता आली नाही. १८७८ पासून इतर ठिकाणच्या पाण्यात जिप्सम मिसळून ते बर्टनसारखे करण्याची पद्धत पडली. घरी खाद्य दर्जाचे जिप्सम लिटरला एक ग्रॅम घातल्यास सुमारे २३३ मिलिग्रॅम कॅल्शियम व ५५८ मिलिग्रॅम सल्फेट वाढते. बहुतेक जाणकार याच्या निम्म्यावर थांबण्याचा सल्ला देतात. जास्त झाल्यास पाण्याला खनिजाचा, किंचित गंधकी दर्प येतो. बांधकामाचे प्लास्टर हे खाद्य जिप्सम नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

कृती

वीस लिटर बिअरसाठी साडेपाच किलो भरडलेले फिकट मॉल्ट आणि एकूण तीस-बत्तीस लिटर पाणी लागते. पंधरा लिटर पाणी ७३ अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात मॉल्ट ढवळले की मिश्रण ६६-६७ अंशांवर स्थिरावते. भांडे गुंडाळून दीड तास तसेच ठेवायचे. या तापमानात दोन-तीन अंशांचा फरकही जाणवतो: खाली गेल्यास बिअर अधिक कोरडी, वर गेल्यास अधिक भरीव होते. नंतर काढा गाळून घ्यायचा आणि उरलेला चोथा ७५ अंशांच्या पाण्याने हळूहळू धुऊन काढायचा.

उकळी दोन तासांची. आधुनिक कृती तासाभरात उरकतात, पण जुन्या नोंदींत उकळणे दीर्घच आहे. निम्मे हॉप्स सुरुवातीला आणि निम्मे शेवटच्या अर्ध्या तासात घालतात. इतके हॉप्स बराच काढा शोषून घेतात, हे गृहीत धरून पाण्याचा अंदाज थोडा सैल ठेवावा लागतो. काढा शक्य तितक्या लवकर १६-१८ अंशांपर्यंत गार करून घनता मोजतात. ती १०६२ च्या आसपास असावी. यापुढे जे जे भांडे वा नळी काढ्याला लागेल ते जंतुरहित हवे.

यीस्ट इंग्लिश जातीचे, कोरडे असल्यास दोन पाकिटे. आंबण्याचे तापमान १८ ते २० अंश. आठ-दहा दिवसांत घनता १०१४ पर्यंत उतरते. दोन आकड्यांतील फरकावरून मद्यार्क ६.३ टक्क्यांच्या आसपास येतो. भारतीय बाजारात ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरच्या पंक्तीत तो बसतो. रंग तांबूस सोनेरी. ‘पेल’ हे विशेषण पोर्टरच्या काळेपणाच्या तुलनेतले आहे.

इथवरचे सारे काम एका दिवसाचे आणि पंधरवड्याच्या प्रतीक्षेचे. या टप्प्यावर चाखलेली बिअर घशाखाली उतरत नाही इतकी कडू असते. अनेक नवख्यांनी येथेच जुन्या नोंदीत चूक असल्याचा निष्कर्ष काढून हॉप्स निम्मे केले. चूक नोंदीत नव्हती. ती बिअर त्या वयात पिण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

पिंपातले वर्ष

केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे आणि त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. जहाजाच्या पोटात पिंपे सतत हलत, थंडीतून उकाड्यात, पुन्हा थंडीत आणि पुन्हा उकाड्यात जात. निघण्यापूर्वी कारखान्यात आणि पोहोचल्यावर गोदामात बिअर आणखी काही काळ राही. ग्लासात पडेपर्यंत तिचे वय वर्षाच्या घरात गेलेले असे. या काळात कडवटपणा निवळतो, हॉप्सचा ताजा वास जातो आणि उरलेल्या साखरा हळूहळू आंबत राहतात.

त्या संथ आंबण्यामागे कोण होते, हे उलगडले ते १९०४ मध्ये. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील नील्स हेल्टे क्लाउसेन यांनी इंग्लिश साठवणुकीच्या बिअरमधून एक वेगळे यीस्ट वेगळे काढले आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. नेहमीचे यीस्ट ज्या साखरांना हात लावत नाही त्या हे महिनोन्महिने खात बसते आणि चामडे, सुके गवत, जून फळ यांची आठवण करून देणारा गंध सोडते. लाकडी पिंपांच्या फटींत ते आपोआप वस्तीला असे. घरी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ते असणार नाही, म्हणून ते मुद्दाम घालावे लागते. वाइन बनवणारे याला रोग समजतात आणि आधुनिक बिअर कारखानेही त्याला दाराबाहेर ठेवतात. जुन्या इंग्लिश बिअरची मात्र ती ओळख होती.

पिंपाच्या लाकडाबाबतही एक गैरसमज आहे. अनेकजण जुनी चव आणण्यासाठी ओकचे तुकडे बिअरमध्ये घालतात. इंग्लंडमधील चांगल्या पिंपांना बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून, म्हणजे आजच्या लिथुआनियातील क्लायपेडातून, आलेला ओक वापरत. तो पसंत केला जाई याचे कारणच मुळी तो बिअरला स्वतःची चव देत नसे. व्हॅनिलाचा वास देणारा अमेरिकन ओक या बिअरमध्ये उपरा ठरतो.

दुसऱ्या भांड्यात बिअर ओतून त्यात ५५ ग्रॅम कोरडे गोल्डिंग व ब्रेटॅनोमायसिस घातल्यावर भांडे सहा महिने ते वर्षभर अंधाऱ्या जागी ठेवतात. तापमान थोडे वर-खाली झाले तर बिघडत नाही; प्रवासात तेच होत होते. हवा मात्र आत जाता कामा नये, नाहीतर व्हिनेगर तयार होते.

बाटलीत भरण्याची घाई हा या सगळ्यातील खरा धोका. बर्टनमधील रसायनशास्त्रज्ञ होरेस ब्राउन व जॉर्ज हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले की, कोरड्या हॉप्समध्येही पिष्ट तोडणारे विकर असते. हॉप्स घातल्यावर आंबणे संपलेल्या बिअरमध्ये नव्याने साखर तयार होते आणि यीस्ट पुन्हा कामाला लागते. ब्रेटॅनोमायसिस असल्यास हे काम आणखी लांबते. घनता १०१४ वर थांबली असे समजून बाटल्या भरल्या आणि ती नंतर तीन-चार अंशांनी उतरली, तर बाटलीतील वायू जवळपास दुप्पट होतो. काच फुटून इजा होण्याचे प्रकार यातूनच घडतात. म्हणून महिन्याच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी येईपर्यंत थांबायचे, जाड काचेच्या बाटल्या वापरायच्या आणि भरताना लिटरला चार ग्रॅमपेक्षा जास्त साखर घालायची नाही, हा जाणकारांचा शिरस्ता आहे.

या दाबाचा प्रत्यय ब्रिटिश लेखक पीट ब्राउन यांनाही आला. बर्टनमध्ये जुन्या पद्धतीने बनवलेली बिअर केपला वळसा घालून समुद्रमार्गे कोलकात्याला नेण्याचा घाट त्यांनी २००७ मध्ये घातला आणि त्यावर २००९ मध्ये पुस्तक लिहिले. निघताना बरोबर घेतलेले पिंप वाटेतच फुटले. बदली बिअर मागवून प्रवास पुरा करावा लागला. शेवटी कोलकात्यात जी बिअर ग्लासात उतरली ती, त्यांच्या म्हणण्यानुसार, बर्टनमध्ये निघाली तेव्हाच्या बिअरहून कितीतरी अधिक मुरलेली होती.

बर्टनमध्ये पिंपांची रांग नळ्यांनी जोडून बिअर आंबवण्याची ‘युनियन’ पद्धत होती. १८३८ मध्ये तिचे पेटंट निघाले आणि बर्टनच्या पेल एलची ती खूण बनली. तेथील शेवटचा वापरातला संच २०२४ मध्ये निवृत्त करण्यात आला; त्यातील एक भाग डर्बीशायरमधील थॉर्नब्रिज या कारखान्याने वाचवून पुन्हा चालू केला आहे. घरी त्याची नक्कल करण्याची गरज नाही, आणि ते शक्यही नाही.

वर्षभरानंतर बाटली उघडण्यापूर्वी दिवसभर उभी ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ती बर्फासारखी गार नव्हे तर १२-१३ अंशांवर, गाळ न हलवता एकाच ओघात ग्लासात ओततात. फेस पातळ, वास सुक्या गवताचा, कडवटपणा आहे पण टोचत नाही. त्याच घाण्यातील काही बाटल्या आणखी सहा महिने राखून ठेवण्याची पद्धत आहे; दोहोंची चव शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो.